त्रिनिदाद-टोबॅगोची सहल: किनारे आणि संस्कृती दोन्ही बघायचे तर आधी काय, मग काय

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या पाच-सहा कुटुंबांनी त्रिनिदाद-टोबॅगोच्या सहलीचा आराखडा मला दाखवला. जवळजवळ प्रत्येकाचा क्रम तोच. आधी टोबॅगोतलं समुद्रासमोरचं हॉटेल, मग विमानाचं तिकीट, मग वाटेतल्या देशाच्या व्हिसाची धावपळ, आणि पिवळ्या तापाची लस अगदी शेवटी, कुणीतरी आठवण करून दिल्यावर. हा क्रम बरोबर उलटा हवा. देश एक असला तरी बेटं दोन आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगळे. त्रिनिदाद मोठं, गजबजलेलं, खाण्यापिण्याचं आणि सणांचं. टोबॅगो लहान, निवांत, पोहण्याचं. "एकच बेट करूया, दोन्ही सारखीच" असं ठरवणारे परत आल्यावर हळहळतात.

## १. तिकिटाआधी कॅलेंडर उघडा

साधारण जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पावसाळा. मोठ्या वादळांचा नेहमीचा पट्टा या बेटांच्या उत्तरेला असला तरी पावसाळ्यात रस्ते, बोटी आणि विमानं यांचं वेळापत्रक बिघडू शकतं. तुम्हाला नक्की काय बघायचंय यावर महिना ठरतो:

- कार्निव्हल, म्हणजे रस्त्यावरचा पोशाखी नाचगाण्याचा सण: ऍश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीचे सोमवार-मंगळवार. २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारी. रस्त्यावर पोशाख घालून नाचायचं असेल तर एखाद्या 'बँड'मध्ये, म्हणजे पोशाखी नाचाच्या गटात, काही महिने आधी नाव नोंदवावं लागतं. ऐनवेळी गेलात तर तुम्ही प्रेक्षक.
- समुद्री कासवं: हंगाम १ मार्च ते ३१ ऑगस्ट. एप्रिल ते जून उत्तम.
- दिवाळी: तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. त्रिनिदादच्या चग्वानास शहराजवळच्या दिवाळी नगरात आधीच्या नऊ रात्री कार्यक्रम असतात.

सावधान: कार्निव्हलच्या आठवड्यात 'शांत किनारा' शोधायला जाऊ नका. त्रिनिदादमध्ये राहायची जागा महाग होते आणि तो संपल्यावर बुधवारी निम्मा देश किनाऱ्यावर लोळायला निघतो.

## २. पिवळ्या तापाचं कार्ड: सगळ्यात जास्त चुकणारी पायरी

भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत त्रिनिदाद आहे. टोबॅगो नाही, पण बहुतेकांचा प्रवास त्रिनिदादच्या पिआर्को विमानतळावरूनच होतो. म्हणजे अडचण तिथे जाताना नाही, मुंबईला परत येताना येते. वैध कार्ड नसेल तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं, जास्तीत जास्त सहा दिवस. पंधरा दिवसांची सुट्टी काढून आलेल्या माणसाला हे सहा दिवस परवडत नाहीत.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि आधी वेळ घ्यावी लागते. कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं आणि मग जन्मभर चालतं. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ऍलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. अशांना लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. आजी-आजोबांना बरोबर नेणार असाल तर हे काम सर्वांत आधी.

तपासा: कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी तंतोतंत जुळतात का? शिक्का, सही, तारीख आहे का? केंद्रावरून निघण्याआधीच बघा. पनामामार्गे परतणार असाल तर तोही देश त्याच यादीत आहे हे लक्षात ठेवा.

## ३. मार्ग निवडताना नजर वाटेतल्या विमानतळावर ठेवा

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत त्रिनिदाद-टोबॅगोला व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. व्हिसा नको हे वाचून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात, कारण मुंबईहून थेट विमान नाही. न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो, लंडन किंवा पनामा यांपैकी कुठेतरी विमान बदलावं लागतं.

अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतोच. तिथे प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं, बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते. ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आधीच आहे त्यांच्यासाठी हा मार्ग सोपा. बाकीच्यांनी ज्या विमानतळावर उतरणार त्याच विमानतळाचा ट्रान्झिट नियम वाचावा. 'युरोपमधून चालतं' असं ऐकीव उत्तर नको.

सावधान: दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा मोह होतो. मग बॅग मधल्या विमानतळावर बाहेर येते, ती घ्यायला त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी पूर्ण व्हिसा लागतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा.

## ४. दिवसांची वाटणी: शेवटची रात्र त्रिनिदादमध्येच

दहा दिवस हातात असतील तर मी असं वाटेन: पहिले चार-पाच त्रिनिदादमध्ये, पुढचे चार टोबॅगोत, आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा त्रिनिदादमध्ये, पिआर्कोच्या जवळ. ही शेवटची रात्र लोक वाचवतात. टोबॅगोहून सकाळचं छोटं विमान आणि दुपारी आंतरराष्ट्रीय विमान, असं कागदावर छान बसतं. सकाळचं विमान रद्द झालं की सगळी साखळी तुटते.

बेटांमध्ये जायला दोन मार्ग. विमान साधारण वीस-पंचवीस मिनिटांत टोबॅगोच्या क्राउन पॉइंटला उतरवतं. फेरीबोट राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोच्या स्कारबरोला तीन-चार तासांत जाते. स्वस्त आहे, गाडीही नेता येते, पण समुद्र खवळलेला असला की पोट ढवळतं. उलटीची गोळी बोटीत चढायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. ओळखपत्र लागतं आणि सुटण्याच्या बरंच आधी पोचावं लागतं. ईस्टर आणि लांब सुट्ट्यांत दोन्हीकडच्या जागा आधीच संपतात. आम्ही एकदा 'बंदरावर जाऊन बघू' म्हणत गेलो आणि दोन दिवस पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अडकून पडलो.

## ५. बॅगेत काय भरायचं, काय नाही

लष्करी ठिपक्या-पट्ट्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज छपाईचे कपडे सामान्य माणसाने घालणं तिथे कायद्याने मना आहे. लहान मुलांची टोपी, चड्डी, पाठीवरची सॅकसुद्धा. घरातून निघताना मुलांच्या बॅगा एकदा उलट्या करून बघा.

वीज ११५ व्होल्टची, सॉकेट अमेरिकेसारखं दोन चपट्या पात्यांचं. मोबाइलचा चार्जर ऍडॅप्टर लावून चालतो. घरचा हेअर ड्रायर किंवा पाणी तापवायची कॉइल चालणार नाही. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं नेऊ नका, शेतमालाच्या तपासणीत काढून घेतात. डास आणि वाळूतले चावरे कीटक यांच्यासाठी मलम हवंच. कासवं बघायची असतील तर लाल प्रकाशाची बॅटरी घ्या.

आणखी एक काम घरी बसूनच करायचं. बँकेचं कार्ड परदेशी वापरासाठी चालू करा आणि भारतीय नंबरवर रोमिंग ठेवा. ओटीपी न आल्यामुळे रात्री अकरा वाजता फेरीचं तिकीट अडतं आणि तेव्हा भारतात सकाळचे साडेआठ; बँकेचा माणूस अजून लोकलमध्ये असतो.

## ६. पहिला दिवस: पैसे, गाडी आणि 'गुड नाइट'

चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर, लोक 'टीटी' म्हणतात. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात टीटी. रुपये कुणी बदलून देत नाही, अमेरिकन डॉलर न्या. किंमत ऐकली की 'कुठला डॉलर?' हे आधी विचारायचं. नुसतं 'डॉलर' म्हटलं की गैरसमज होतो, आणि तो बहुतेक वेळा सातपट असतो.

टॅक्सीची नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते. 'पी'वाल्या खासगी गाड्याही प्रवासी उचलतात, पण ते बेकायदा आहे. त्यात बसू नका. मॅक्सी-टॅक्सी म्हणजे छोट्या बस, त्यांच्या अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग ओळखायचा: पिवळा पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडचा, लाल पूर्वेकडचा, हिरवा चग्वानास-सॅन फर्नांडोकडचा, निळा टोबॅगोचा. गाडी भाड्याने घेतलीत तर स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे आणि वाहतूक डावीकडून. आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा.

मॅक्सीत चढताना, दुकानात शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणायचं, मग काम सांगायचं. आपण थेट 'हे केवढ्याला?' विचारतो, ते तिथे उद्धट वाटतं. अंधार पडल्यावर भेटलेला माणूस 'गुड नाइट' म्हणाला तर तो निरोप घेत नाहीये, नमस्कार करतोय. 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नव्हे, 'येतोच' म्हणून आपण जसे तासाभराने पोचतो तसं. आणि 'लाइमिंग' म्हणजे आपला कट्टा: काही न करता चारचौघांत बसणं. कुणी लाइमला बोलावलं तर घड्याळ बघू नका.

सावधान: वाढत्या गुन्ह्यांमुळे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्याआधी ताज्या सूचना वाचा. अंधारानंतर पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यभागात पायी भटकू नका, निर्जन किनाऱ्यावर थांबू नका. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११.

## ७. खाण्याचंही वेळापत्रक असतं

'डबल्स' खायला लोक जेवणाच्या वेळी जातात आणि गाडी उठलेली असते. डबल्स हा सकाळचा आणि मग थेट रात्री उशिराचा पदार्थ. मी पहिल्यांदा अकरा वाजता पोचलो तेव्हा विक्रेता डबा पुसत होता. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो. तळहाताएवढ्या कागदावर तो दोन मऊ पिवळे 'बारा', म्हणजे तळलेल्या छोट्या पुऱ्या, अर्धे एकमेकांवर ठेवतो, त्यावर रसदार छोल्याचा एक डाव, वरून काकडी, चिंच, कुचेला (किसलेल्या कैरीचं लोणचं), आणि कागदाची दोन टोकं धरून गर्रकन फिरवली की पुडी तयार. पाच-सहा सेकंदांचं काम. खायचं उभ्याने, हाताने, पुढे वाकून. वाकला नाहीत तर शर्ट गेला.

तुमची पाळी आली की दोनच गोष्टी सांगायच्या: किती, आणि तिखट किती. 'टू, स्लाइट' म्हणजे दोन, थोडं तिखट. आपण कोल्हापूरचे म्हणून 'हेवी' मागू नका. तिथली मिरची हबानेरोच्या घराण्यातली आहे आणि झटका उशिरा बसतो.

शाकाहारी माणसाचे या बेटावर हाल होत नाहीत. डबल्समध्ये मांस नसतं. धालपुरी म्हणजे पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण, आत गुळाऐवजी जिरं घातलेली भरड डाळ. तिच्याबरोबर भोपळा, चवळीच्या शेंगांसारखी 'बोडी', बटाटा-छोले. दक्षिणेला देबे गावात रस्त्याकडेला ओळीने स्टॉल आहेत, तिथे 'सहीना' खा. अळूच्या पानांचं ते तळण पाहून घरची अळूवडी आठवेल. तपासा: कलालू दिसायला पालेभाजी असते, पण त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा डुकराचं खारवलेलं मांस असतं. विचारून घ्या.

## ८. त्रिनिदादचे किनारे: कुठल्या बाजूचा समुद्र, हे आधी बघा

उत्तरेला कॅरिबियन, पूर्वेला अटलांटिक. पोहायचं असेल तर उत्तर. पूर्वेचे मायारो, मांझानिला हे किनारे लांबच लांब, नारळीच्या रांगांचे, बघायला सुंदर, पण लाटा आणि ओढ जबर. काही महिन्यांत पूर्वेकडे सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येऊन पडतं आणि कुजतं. गाडी थांबवा, फोटो काढा, पुढे जा.

माराकासचा किनारा पोर्ट ऑफ स्पेनपासून पाऊण तासाच्या घाटरस्त्यावर. वाटेत दरीच्या कडेला थांबा आहे तिथे 'चाऊ' मिळतो: अननस किंवा कैरी, मीठ, मिरची आणि शाडो बेनी, म्हणजे उग्र वासाची लांबट पानांची कोथिंबीर. रविवारी जाऊ नका, घाटात रांग लागते. किनाऱ्यावर पोचल्यावर क्रम असा: आधी बावटे बघा, मग पोहा, मग 'बेक अँड शार्क' खा. भरल्या पोटी त्या लाटांत उतरायचं नाही. तळलेल्या फुगीर पावात मोरी, म्हणजे शार्क मासा, वर स्वतःच्या हाताने चटण्या घालायच्या. मोरी नको असेल तर किंगफिश मागा, ते आपल्या सुरमईचंच भावंड.

सावधान: लाल बावटा असेल तिथे गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. खालून ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही. पहाटे आणि संध्याकाळी उशिरा जीवरक्षक नसतात. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या.

पुढे लास क्वेव्हासला पाणी बरंच शांत. मुलं बरोबर असतील तर तिथेच जा, फक्त दुपार कलताना वाळूतले कीटक फोडून काढतात. चारच्या आत निघा.

## ९. कासवांची रात्र

कोकणात वेळासला आपण पिल्लं समुद्राकडे जाताना बघतो. इथे बघायची ती आई: लेदरबॅक, ३०० किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही जड, रात्री वाळूत चढून अंडी घालणारी. ठिकाणं मुख्यतः मातुरा आणि ग्रांद रिव्हिएर. हंगामात हे किनारे रात्री बंद असतात. वनखात्याचा परवाना आणि स्थानिक मार्गदर्शक लागतो. मातुरात नेचर सीकर्स ही गावातली संस्था हे काम करते. ग्रांद रिव्हिएर पोर्ट ऑफ स्पेनपासून अडीच-तीन तास दूर आहे. रात्री परतायचा बेत करू नका, तिथेच राहा.

क्रम मार्गदर्शक सांगेल तोच. कासव वर चढताना आणि खड्डा खणताना लांब थांबायचं. त्या वेळी उजेड दिसला तर ती अंडी न घालताच परत फिरते. अंडी पडायला लागली की ती जणू तंद्रीत जाते, तेव्हाच जवळ जाता येतं. फ्लॅश नाही, पांढरी बॅटरी नाही, मोबाइलची स्क्रीनही नाही. फोन गाडीतच ठेवलात तर उत्तम. जवळून तिचा श्वास ऐकू येतो, लांब, जड, सुस्काऱ्यासारखा.

## १०. एका दुपारी देऊळ आणि पक्षी, एका संध्याकाळी पॅन

ही जोडी बहुतेक जण दोन दिवसांत विभागतात आणि दोनदा ट्रॅफिकमध्ये बसतात. दुपारी साधारण एकला कारापिचाइमाला पोचा. दत्तात्रेय योग केंद्रात दत्ताचं देऊळ आणि बाहेर ८५ फुटी हनुमान आहे. तिथून जवळच वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ, सिवदास साधू नावाच्या मजुराने भराव घालून उभं केलेलं. भरतीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. ओहोटीला देवळाभोवती नुसता चिखल दिसतो. शेजारी किनाऱ्यावरच अंत्यसंस्कारांची जागा आहे. धूर दिसला तर कॅमेरा खाली.

तिथून उत्तरेला परतताना कारोनीच्या दलदलीत चारच्या सुमारास बोटी सुटतात. स्कार्लेट आयबिस हा आपल्या शराटीच्या कुळातला पक्षी, पंखांची टोकं सोडली तर सगळा लालभडक. सूर्यास्ताला थवे खारफुटीवर उतरतात. लांब बाह्या घाला.

संध्याकाळ पॅनसाठी, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या स्टीलपॅन या वाद्यासाठी. त्याला 'ड्रम' म्हणू नका, ते वाद्य म्हणजे 'पॅन' आणि सरावाची जागा म्हणजे 'पॅनयार्ड'. जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत रात्री सराव चालतो आणि बहुतेक ठिकाणी जाऊन ऐकता येतं. रात्री आठच्या आधी गेलात तर रिकाम्या खुर्च्या दिसतील. वादकांच्या रांगांमध्ये शिरू नका, कडेने उभे राहा.

## ११. टोबॅगो: पाणी आधी, गावं नंतर

पहिल्या सकाळी, वारा वाढायच्या आत, स्टोअर बे किंवा पिजन पॉइंटवरून तळाला काच असलेली बोट घ्या: बुक्कू रीफ आणि मग नायलॉन पूल, भर समुद्रात जेमतेम कमरेएवढं पाणी आणि पांढरी वाळू. प्रवाळावर पाय ठेवू नका, बोटवाला 'चालतं' म्हणाला तरी नाही.

सावधान: किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मँचिनील नावाचं झाड असतं. फळ, चीक, पान, सगळं विषारी. पाऊस आला म्हणून त्याच्या खाली उभे राहिलात तर ठिबकणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. मुलांना पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उत्तर किनाऱ्याने कॅस्टारा, इंग्लिशमन्स बे, पार्लाटुव्हिए. कॅस्टाराला घाई करू नका. तिथे जे 'सेन' ओढतात ती चक्क आपली रापण आहे: होडीने अर्धवर्तुळात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी दोर ओढत किनाऱ्यावर आणायचं. मी बाजूला उभा राहून फोटो काढत होतो तर एका म्हाताऱ्याने काही न बोलता दोराकडे हनुवटी केली. वीस-पंचवीस मिनिटं ओढलं, तळहात सोलले. शेवटी वाट्याला पिशवीत चार मासे आले, ते खानावळवालीने संध्याकाळी तळून दिले. त्यामुळे फोटोआधी दोर.

रविवारची रात्र बुक्कू गावात 'संडे स्कूल'ला ठेवा. नावावर जाऊ नका, तो पॅन आणि नाचाचा रस्त्यावरचा जलसा आहे.

## १२. निघायच्या आदल्या रात्री

प्रवाळाचे तुकडे बॅगेतून बाहेर काढा. मिरचीचा सॉस आणि कुचेला विमानात देणाऱ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. पिवळ्या तापाचं कार्ड मात्र पासपोर्टच्या आत, हातातल्या पिशवीत. मुंबईला ते इमिग्रेशनच्या आधी मागतात आणि तेव्हा बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.